ही किटली कोणाची?

वस्तुचित्राच्या तासाला मुलांसमोर जे मांडलं जातं, ते खऱ्या आयुष्यात कुठल्याही टेबलावर एकत्र सापडायचं नाही. एक सुरई, एक चेंडू, एक उभं पुस्तक, दोन फळं आणि मागे चुण्या पाडून टांगलेला पडदा. सुरईच्या तोंडावरून लंबवर्तुळ शिकवता येतं, चेंडूवर सावली छान पडते, पडद्याच्या चुण्यांवर छायाप्रकाशाचा सराव होतो. शिकवण्याची सोय म्हणून यात काही वावगं नाही. पण समोर बसलेल्या मुलाच्या मनात पहिला प्रश्न लंबवर्तुळाचा येत नाही. हे कोणाचं आहे? चेंडू इथे कसा आला? ते फळ नंतर कोण खाणार? या प्रश्नांना वर्गात एकच उत्तर ठरलेलं असतं: गप्पा नकोत, समोर बघ आणि काढ.

माझ्या मते या प्रश्नांपासूनच तास सुरू व्हायला हवा आणि गोष्ट सांगणं हा त्या तासाचा हक्काचा भाग असायला हवा. मात्र सर्जनशील उपक्रमाच्या नावाखाली चित्र आणि गोष्ट ज्या तऱ्हेने एकमेकांना चिकटवली जातात, तीही मला मान्य नाही. गोष्ट बघण्यातून निघालेली असावी. मूल जे सांगेल त्याचा पुरावा टेबलावर सापडला पाहिजे. ही एक अट पाळली तर चित्रही सुधारतं आणि गोष्टही. ती सोडली, तर चित्र काढण्याचा कंटाळा आणि गोष्ट लिहिण्याचा कंटाळा एकाच तासात उरकला जातो, इतकंच.

वस्तुचित्रातून गोष्टीला बाहेर कोणी काढलं? चित्रकारांनी तर नक्कीच नाही. काराव्हाज्जोने १५९९ च्या सुमारास रंगवलेली फळांची परडी मिलानमध्ये आहे. परडी कडेवरून किंचित पुढे आलेली, समोरच्याच सफरचंदाला किडीचं भोक, एका बाजूची पानं सुकून मुरडलेली. फळं कधी तोडली, किती दिवस अशीच पडून आहेत, हा हिशेब बघणाऱ्याने मांडावा अशी व्यवस्था चित्रकाराने स्वतःच करून ठेवली आहे. सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश चित्रांत तर कुणीतरी आत्ताच टेबलावरून उठून गेल्यासारखं वाटतं. लिंबू अर्धवट सोललेलं, पेला आडवा झालेला, मेणबत्ती विझलेली. क्लारा पीटर्स ही त्या काळातली चित्रकार सुरईच्या धातूच्या झाकणात स्वतःचं इवलंसं प्रतिबिंब रंगवायची, चित्रातल्या सुरीवर स्वतःचं नाव कोरलेलं दाखवायची. राखेल रॉइशसारख्यांच्या पुष्पचित्रांत वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी फुलं एकाच फुलदाणीत नांदतात. पाकळी न पाकळी खरी आणि प्रसंग मात्र अशक्य. आता ही गोष्ट नाही तर काय आहे?

बाहेर काढण्याचं काम अकादमीने केलं. फ्रान्सच्या शाही कला अकादमीत १६६७ साली झालेल्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबियँ यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत चित्रप्रकारांची उतरंड मांडली. इतिहास-पुराणातले प्रसंग रंगवणारा सगळ्यांत वर, त्याखाली व्यक्तिचित्रं, मग प्राणी, मग निसर्गदृश्यं आणि फळं, फुलं, शिंपले रंगवणारा सगळ्यांत खाली. निर्जीव वस्तूंना कथा नसते, म्हणून त्यांचं स्थान तळाशी. पुढे १७२८ साली शार्दँ त्याच अकादमीत दाखल झाला तोही ‘प्राणी आणि फळांचा चित्रकार’ म्हणून. त्याच्या प्रवेशचित्रांपैकी एकात पोट फाडून टांगलेला पाकट मासा आहे आणि शेजारी शिंपल्यांवर पाय रोवून, पाठीची कमान करून उभं असलेलं मांजर. पुढच्या क्षणी काय होणार, हे लहान मूलही सांगेल. अकादमीच्या यादीत मात्र हे कथेविना चित्र!

शाळेच्या चित्रकलेने ही उतरंड नकळत उचलली. वस्तुचित्र वेगळं, प्रसंगचित्र वेगळं. पहिल्यात बघायचं पण कल्पना करायची नाही, दुसऱ्यात कल्पना करायची पण बघायचं नाही. परिणाम दोन्हीकडे दिसतो. वस्तुचित्रं नेटकी आणि निर्जीव होतात. प्रसंगचित्रांत तेच डोंगर, तोच सूर्य, तेच त्रिकोणी छपराचं घर पुन्हा पुन्हा येतं, कारण कल्पनेला लागणारा कच्चा माल बघण्यातून यायचा, तो आलेलाच नसतो.

मूल वस्तूकडे कसं बघतं, याबद्दल बरंच काही माहीत आहे. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्ये मुलांच्या चित्रांवरच्या पुस्तकात सांगितलं की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. १९७२ मध्ये नॉर्मन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याची एक सुरेख चाचणी घेतली. मुलांसमोर कप असा ठेवला की त्याचा कान मागे लपला जाईल आणि कपावरचं फूल समोर दिसेल. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. साधारण आठव्या वर्षाच्या पुढची मुलं दिसतं तसं काढू लागली होती.

शिक्षक अशा वेळी काय करतात? ‘कान दिसतोय का तुला? मग काढलास कशाला?’ मूल खोडरबर घेतं, कान पुसतं. चित्र बरोबर होतं आणि मुलाला काहीच कळलेलं नसतं. कप म्हणजे काय, हे त्याला पक्कं माहीत होतं. धरायची सोय नसेल तर तो पेला. त्याने कान काढून कपाची ओळख सांगितली होती आणि ती ओळख आपण चूक ठरवली. त्याऐवजी त्याला विचारावं: ‘तू बसला आहेस तिथून कुणाला कान दिसत नाही, मग कुणाला दिसत असेल?’ मूल मान वाकडी करतं, उठून पलीकडे जातं, परत येतं. आपल्या जागेवरून एक दिसतं आणि मित्राच्या जागेवरून दुसरं, हे त्याला चालून कळतं. ही चित्रकलेतली मोठी शिकवण आहे. गोष्ट सांगण्यातलीही तीच मोठी शिकवण आहे, कारण गोष्टीतल्या माणसालाही सगळं दिसत नसतं. तो जिथे उभा आहे तिथून जेवढं दिसेल, तेवढंच त्याला सांगता येतं.

म्हणून मला वाटतं, वस्तू भिंतीला टेकवून मुलांना रांगांत बसवणं हीच पहिली चूक आहे. वस्तू मधोमध ठेवाव्यात आणि मुलांनी भोवती गोल बसावं. इथे काहीतरी घडून गेलंय, असं सांगून सुरुवात करावी. काय घडलं ते सांगू नये. प्रत्येक मूल साक्षीदार आहे आणि त्याचं चित्र ही त्याची साक्ष. साक्षीत दिसलं तेवढंच लिहायचं असतं. किटलीमागे पडलेली किल्ली एका बाजूच्या मुलांना दिसते, समोरच्यांना नाही. खिडकीकडे बसलेल्यांना पेला उजळ दिसतो, पलीकडच्यांना त्याच पेल्याची काळी बाजू. चित्रं झाली की ती शेजारी शेजारी लावायची आणि मग वर्गाने मिळून ठरवायचं की इथे नेमकं काय झालं असावं. आता अचूक काढण्याला एक कारण मिळालं. पेल्याची सावली डावीकडे दाखवली की उजवीकडे, यावर उजेड कुठून येत होता हे ठरणार, आणि त्यावर कदाचित ती सकाळ होती की संध्याकाळ हे ठरणार. ‘सावली नीट काढ’ असं शिक्षकाने दहादा सांगून जे होत नाही, ते शेजारच्या मुलाने ‘तुझी साक्ष खोटी आहे’ म्हटल्यावर लगेच होतं. (वर्गात थोडा गोंगाट होईल. होऊ द्यावा.)

याउलट जे चालतं, त्याचे दोन नमुने. पहिला, वस्तूंना डोळे आणि तोंड काढण्याचा. किटली हसते, चमचा रडतो, कप किटलीला ‘आई’ म्हणतो. मुलांना मजा येते, पालकांना गोड वाटतं आणि किटलीकडे कोणी बघितलेलंच नसतं. डोळे काढले की किटलीचा पोचा, झाकणाची सैल कडी, तळाचा काळवंडलेला भाग यांची गरजच संपते. भाव दाखवायला तोंड आलं ना! दुसरा नमुना भाषेच्या तासाचा: वस्तूचं आत्मवृत्त. फाटकं पुस्तक बोलू लागतं, आपले सुखाचे दिवस आठवतं, मग दुर्दशा सांगतं आणि शेवटी मुलांना उपदेश करतं. पुस्तकाच्या जागी छत्री टाका, खुर्ची टाका, मजकूर जवळपास तोच राहतो. कारण लिहिताना समोर छत्री नसते. छत्रीची कोणती काडी वाकली आहे, कापड कुठे ठिगळलं आहे, मूठ कोणत्या बाजूने गुळगुळीत झाली आहे, यातलं काहीच माहीत नसताना लिहिलेलं आत्मवृत्त त्या छत्रीचं कसं असेल?

उपाय एका प्रश्नात आहे: कशावरून? कलेच्या संग्रहालयांत मुलांशी बोलण्यासाठी मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउझन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनाविन यांनी एक पद्धत घडवली आणि ती पुढे शाळांतही गेली. तिच्यात मुख्य प्रश्न तीनच आहेत. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? मधला प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण त्यात मुलाचं म्हणणं खोडलेलं नाही आणि तसंच सोडूनही दिलेलं नाही. ही पद्धत तयार चित्र बघण्यासाठी आहे. मला वाटतं, चित्र काढायच्या आधी, खऱ्या वस्तूसमोर, ती जास्त कामाची ठरेल.

एक जुना बूट टेबलावर ठेवा. मूल म्हणेल, हा एका म्हाताऱ्याचा बूट आहे. कशावरून? जुना आहे म्हणून. जुना बूट तरुणाचाही असू शकतो. मग मूल पुन्हा बघतं. टाच बाहेरच्या बाजूने जास्त झिजली आहे. म्हणजे तो पाय वाकडा टाकत असेल. नाडीला मध्येच गाठ आहे, म्हणजे ती तुटली होती आणि त्याने नवी घेतली नाही. पुढे चामड्यावर आडव्या सुरकुत्या आहेत, म्हणजे तो पुष्कळ वेळा चवड्यावर बसत असेल. काम करत असेल का तो खाली बसून? आता या मुलाला बूट काढायला सांगा. झिजलेली टाच तो विसरणार नाही, कारण त्याच्या गोष्टीतला माणूस तिच्यावर उभा आहे. त्याची रेघ कदाचित तितकी सफाईदार नसेल. पण त्या चित्रातला बूट तोच असेल, कुठलाही बूट नसेल.

मोठ्यांचीही इथे गाडी घसरते. व्हान गॉखने १८८६ मध्ये रंगवलेल्या बुटांच्या जोडीवर हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९३०च्या दशकात लिहिलं. ते बूट एका शेतकरी बाईचे आहेत असं धरून त्याने तिचं शेत, तिची दमछाक, तिची काळजी, सगळं त्या बुटांतून उभं केलं. १९६८ मध्ये मायर शापिरो या कलाइतिहासकाराने साधा प्रश्न केला: शेतकरी बाईचे, हे कशावरून? त्याच्या मते ते बूट चित्रकाराचे स्वतःचे होते, शहरात राहणाऱ्या माणसाचे. तो वाद पुढे अनेक वर्षं चालला, आणि त्यात कोण बरोबर हे मुलांना सांगायची काही गरज नाही. पण एक बुटांची जोडी, तिच्यावरून रचलेलं एक आख्खं आयुष्य आणि त्या आयुष्याचा मागितलेला पुरावा, हा सगळा व्यवहार दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहज कळेल असा आहे. आणि हायडेगरची गोष्ट चांगली आहे, हेही त्यांना कळेल. पुरावा कमी पडला म्हणून गोष्ट टाकाऊ होत नाही. ती फक्त त्या बुटांची राहत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बघणं, मग काढणं, मग गोष्ट आणि गोष्टीनंतर पुन्हा एकदा काढणं. गोष्ट पहिली आली की मूल गोष्टीला सोयीचं तेवढंच बघतं. एकोणिसाव्या शतकात हार्वर्डला लुई ॲगासीझ हे निसर्गशास्त्रज्ञ शिकवत होते. सॅम्युअल स्कडर हा नवा विद्यार्थी आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे एक जतन केलेला मासा ठेवला आणि बघायला सांगितलं. दहा मिनिटांत बघून झालं असं त्याला वाटलं. तास गेले, कंटाळा आला, शेवटी करायला काही नाही म्हणून तो माशाचं चित्र काढू लागला आणि आतापर्यंत न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. परत आलेल्या ॲगासीझनी ते पाहिलं आणि पेन्सिल हा उत्तम डोळ्यांपैकी एक डोळा आहे, असं म्हणाले. पुढे तीन दिवस तोच मासा त्याच्यासमोर होता. मुलांना तीन दिवस बसवा असं मी म्हणत नाही. पण पहिली काही मिनिटं कागदाकडे न बघता, फक्त वस्तूच्या कडेवरून नजर आणि पेन्सिल सोबत फिरवत काढलेलं एक रेखाटन आणि नंतर दोन वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेचा आकार काढणं, एवढं केलं तरी मूल वस्तूसमोर स्थिर होतं. गोष्ट त्यानंतर विचारावी.

आणि गोष्ट आल्यावर चित्र बदलतं, ते मांडणीत. याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तर या साऱ्या खटाटोपाचा गाभा तिथेच दिसतो. पहिलं चित्र जसं समोर मांडलंय तसं असतं. दुसऱ्या चित्रासाठी मुलाने वस्तू स्वतः हलवाव्यात. कोणती पुढे, कोणती मागे? दोन कप एकमेकांना चिकटून की त्यांच्यात हातभर अंतर? एक वस्तू दुसरीला अर्धी झाकते का? खुर्ची टेबलाकडे वळलेली की पाठ फिरवून? दिवा वरून की खालून? कागदाच्या कडेने किटली अर्धी कापली, तर ती निघून चालली आहे असं वाटतं की आत येते आहे असं? इटालियन लेखक जान्नी रोदारी मुलांकडून गोष्टी काढून घेताना एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचा. कुत्रा आणि कपाट हे त्याचं उदाहरण. मग त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने जोडायचं: कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा. जोड बदलली की गोष्ट बदलते. टेबलावर किटली आणि किल्ली ठेवली की नेमकं हेच हाताने करता येतं. किटलीखालची किल्ली, किटलीतली किल्ली, किटलीपासून दूर टेबलाच्या कडेवर लटकणारी किल्ली. मुलाच्या हाताखाली तीन गोष्टी तयार होतात आणि न सांगता तीन रचनाही. ‘चित्रात तोल साधा, केंद्रबिंदू ठरवा’ हे सांगायला आपल्याला व्याख्या लागतात. मुलाला एक किल्ली पुरते.

वस्तू मोठी किंवा सुंदर असायची गरज नाही. रशियन कथाकार चेखॉव्हने आपला लेखकमित्र कोरोलेंकोला टेबलावरचं रक्षापात्र दाखवून म्हटलं होतं की हवी असेल तर उद्या याच्यावर गोष्ट तयार असेल. हे कोरोलेंकोने आठवणींत लिहून ठेवलं आहे. ते कौशल्य मुलांमध्ये असतंच. आपण त्यांना वस्तू फक्त फार नवी, फार स्वच्छ, फार निनावी देतो.

आता आक्षेप. पहिला चित्रकला शिक्षकांचा: यात तंत्र मागे पडेल. मागे पडायला नको, आणि त्यासाठी तंत्र गोष्टीच्या पाठीमागे लपवूही नये. कपाचं तोंड नजरेच्या पातळीवर आलं की सरळ रेघ दिसते आणि खाली सरकेल तसं ते लंबवर्तुळ रुंद होत जातं. हे कोणत्याही गोष्टीतून शिकवता येत नाही. कप हातात धरून वरखाली करून दाखवावा लागतो आणि मग घोटावं लागतं. सरावाचा तास सरावासाठीच असावा. गोष्ट सरावाला पर्याय नाही, तिच्यामुळे सराव कशासाठी करायचा हे कळतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मुलाला समोर वस्तू ठेवून काढायला लावणं म्हणजेच त्याची अभिव्यक्ती दाबणं. या विचारालाही मोठी परंपरा आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ पासून मुलांसाठी जे कलावर्ग चालवले, त्यांत मुलांना मोठ्यांसारखं काढायला न लावण्यावर भर होता. व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रविकासाच्या पायऱ्या मांडल्या आणि नकलेला, छापील चित्रांत रंग भरण्याला कडाडून विरोध केला. जॉन रस्किनसारखा निरीक्षणाचा कट्टर पुरस्कर्ताही लहान मुलाला त्याच्या मर्जीविरुद्ध चित्रकलेला जुंपू नये, असंच म्हणत होता. सहा-सात वर्षांच्या मुलांपुरतं मला हे सगळं मान्य आहे. त्यांना वस्तू हाताळू द्यावी, तिच्याबद्दल बोलू द्यावं आणि जे काढतील ते काढू द्यावं. कपाला दोन कान आले तरी चालतील. पण नऊ-दहाच्या सुमारास मूल स्वतःच स्वतःच्या चित्राकडे संशयाने बघू लागतं. ‘मला येत नाही’ हे वाक्य तेव्हा सुरू होतं. लोवेनफेल्डनेही वास्तवाची जाण जागी होण्याचं हेच वय सांगितलं आहे. त्या वेळी ‘मनात येईल ते काढ’ हा सल्ला निरुपयोगी असतो, कारण मुलाला हवं असतं ते दिसतं तसं काढणं, आणि नेमकं तेच जमत नाही. बरीच मुलं इथे पेन्सिल ठेवतात, ती कायमचीच. या वयात हुबेहूबपणाशिवाय दुसरी एखादी कसोटी त्यांच्यापुढे ठेवली, झिजलेली टाच दिसली का, किल्ली कोणाकडे वळली आहे ते कळलं का, तर जमण्याची शक्यता वाढते. वस्तुचित्र आणि गोष्ट यांची जोडी मला सगळ्यांत जास्त या वयासाठी हवी आहे.

तिसरा मुद्दा आक्षेप नाही, अति उत्साह आहे. अशा उपक्रमांनी मुलांचं वाचन सुधारतं, गणित सुधारतं, परीक्षेत गुण वाढतात, असं सांगून ते शाळांना विकले जातात. एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली कलाशिक्षणाच्या परिणामांवरचे अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा चित्रकलेमुळे इतर विषयांतलं यश वाढतं असं ठामपणे म्हणण्याजोगा आधार त्यांना मिळाला नाही. गोष्ट वर्गात नाट्यरूपाने सादर करण्याचा भाषेवर होणारा परिणाम हे मोजक्या अपवादांपैकी एक. त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटतो: कलेची बाजू मांडायला दुसऱ्या विषयाचे गुण उसने आणू नयेत. मुलाने बघायला आणि बघितलेल्याचा अर्थ लावायला शिकावं, हे कारण पुरेसं नसेल तर चित्रकलेचा तास ठेवू तरी कशाला?

गुणांचा विषय निघालाच आहे तर: या कामाला गुण देऊ नयेत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. गोष्टीला गुण दिले की मुलं गोष्ट लांबवतात, त्यात अपघात आणि खजिने घालतात. चित्राला गुण दिले की ती सफाईदार घोटत बसतात. दोन्हींत टेबलावरची वस्तू विसरली जाते. शिक्षकाला मोजायचंच असेल तर पहिलं आणि दुसरं रेखाटन शेजारी ठेवून दुसऱ्यात काय नव्याने दिसलं, ते मुलाशी बोलून वहीत टिपावं.

गोष्ट नको असलेल्या मुलाचं काय? तेही असतं आणि त्याला छळू नये. जॉर्जो मोरांदी बोलोन्यात आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि डबे रंगवत राहिला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकायचा, चकाकी जावी म्हणून त्यांना मॅट रंग फासायचा. म्हणजे ही बाटली कशाची, कुणाची, हे सांगणारी प्रत्येक खूण तो मुद्दाम पुसत होता. उरलं ते फक्त शेजारी शेजारी उभं असणं. एखाद्या मुलाला तेवढंच दिसत असेल, तर मध्ये येऊन ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारणं म्हणजे अडाणीपणा. साक्ष देणाऱ्याला ‘मला फक्त एवढं दिसलं’ म्हणण्याचा अधिकार असतोच.

वस्तू कुठून आणायच्या, यावर मात्र काळजी हवी. ‘घरून तुमच्यासाठी खास असलेली वस्तू आणा’ हे ऐकायला छान वाटतं. पण एखाद्या मुलाची खास वस्तू म्हणजे नुकत्याच गेलेल्या आजोबांचा चष्मा असतो. एखाद्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं, आणि ते वर्गापुढे उघडं पडतं. मुलाच्या घरातली गोष्ट बाहेर काढणं हे चित्रकला शिक्षकाचं काम नाही. मुलाने स्वतःहून सांगितलं तर ऐकावं, खोदू नये. म्हणून शाळेकडेच एक कपाट असावं, वापरून झिजलेल्या, कुणाच्या आहेत हे ठाऊक नसलेल्या वस्तूंचं: कुलूप, किटली, बूट, कंदील, कात्री, चष्म्याची चौकट, कान तुटलेले कप. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. नव्या, चकचकीत, खास वस्तुचित्रासाठी आणलेल्या सुरयांना लागतात.

खरी अडचण वेळेची आहे. बघणं, रेखाटन, गोष्ट, हलवणं, दुसरं रेखाटन, हे एका छोट्या तासात बसत नाही. आठवड्याने पुढचा तास येईपर्यंत मांडणी मोडलेली असते आणि खिडकीतला उजेडही बदललेला असतो. वेळापत्रकात चित्रकलेचे दोन तास लागून द्यायला हवेत आणि त्यांपैकी एक, गरज पडली तर, भाषेच्या वाट्याचा असायला हवा. भाषेचे शिक्षक यावर कुरकुरतील. त्यांच्या वर्गात या वर्षी छत्रीचं आत्मवृत्त होणार असेलच, तर त्या दिवशी एक खरी छत्री आमच्या कपाटातून घेऊन जावी.